गालावरचे वळ

२८ जून २०२३ रोजी सकाळी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जो बायडेन शिकागोच्या दौऱ्यावर निघाले होते. जाताजाता ते वार्ताहरांशी बोलले. त्या दिवशी कॅमेऱ्यांनी टिपली ती मात्र त्यांच्या गालांवरची खूण. दोन्ही बाजूंना कानापासून तोंडाच्या दिशेने गेलेले रुंद, खोल पट्टे. काही तासांत त्या छायाचित्रांची चर्चा सुरू झाली आणि व्हाइट हाउसला खुलासा करावा लागला. अध्यक्षांना स्लीप ॲप्निया आहे, २००८ पासूनच्या त्यांच्या वैद्यकीय अहवालांत त्याची नोंद आहे आणि आदल्या रात्री ते सीपॅप, म्हणजे श्वासाची वाट उघडी ठेवण्यासाठी मास्कमधून दाबाने हवा सोडणारे मशीन, लावून झोपले होते, एवढाच तो खुलासा होता.

ऐंशी वर्षांच्या माणसाच्या गालावर मास्कच्या पट्ट्यांचे वळ उठणे यात बातमी होण्यासारखे खरे तर काही नाही. पण त्या एका दिवसात जगभरच्या सीपॅप वापरणाऱ्यांना आपली रोजची सकाळ एका राष्ट्राध्यक्षाच्या चेहऱ्यावर पाहायला मिळाली. मुंबईच्या लोकलमध्ये सात वाजता चढणाऱ्या कारकुनाला किंवा पहिल्या तासाला वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षिकेला प्रश्न पडतो तो हा वळ घेऊन लोकांसमोर जाण्याचा. मराठीत गालावरचा वळ म्हटला की मनात पहिली येते ती थप्पड. समोरचा माणूस काही विचारत नाही, पण त्याची नजर तिथेच थांबते. रात्रभर नीट श्वास मिळाल्याचा आनंद मग आरशासमोर ओसरतो.

ही तक्रार डॉक्टरांपुढे मांडायला अनेकांना संकोच वाटतो. हृदय, रक्तदाब, मधुमेह यांच्या गोष्टी चालू असताना गालावरच्या रेघेबद्दल काय बोलायचे, असे त्यांना वाटते. पण सीपॅप न वापरण्याची जी कारणे रुग्ण सांगतात, त्यांत मास्कचा त्रास कायम वरच्या रांगेत असतो. वापर समाधानकारक आहे की नाही हे ठरवण्याची प्रचलित मोजपट्टी म्हणजे किमान ७० टक्के रात्री आणि रात्रीला किमान ४ तास. एवढेही अनेकांना जमत नाही. चेहऱ्यावरच्या खुणेमुळे मशीन कपाटात जाणार असेल, तर ती खूण हा दिसण्याचा प्रश्न राहत नाही. तो उपचाराचाच भाग होतो.

आजार काय आहे ते थोडक्यात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते आणि हवा थांबते. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. रक्तातला प्राणवायू घसरतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, मोठ्या घोरण्यासह श्वास परततो आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते. तीव्र आजारात असे तासाला तीस किंवा त्याहून अधिक वेळा घडते. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांच्या झोपेचा अभ्यास करून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसाच्या झोपाळूपणासह असलेला हा आजार ७.५ टक्के पुरुषांत आढळला होता. तरीही सर्वसामान्यांच्या बोलण्यात त्याचे नाव आले ते बऱ्याच उशिरा. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी यांचे निधन झाले आणि डॉक्टरांनी कारण सांगताना या आजाराचा उल्लेख केला, तेव्हा घोरण्याकडे गंमत म्हणून पाहणारी कितीतरी घरे सावध झाली.

यावरचा सर्वांत परिणामकारक उपाय चेहऱ्यावर बांधावा लागतो, हीच सगळी अडचण. आणि ती पहिल्या रात्रीपासूनची आहे.

ऑस्ट्रेलियातल्या सिडनी विद्यापीठाचे डॉ. कॉलिन सुलिव्हन कुत्र्यांच्या झोपेतील श्वसनावर संशोधन करत असत. त्यासाठी कुत्र्यांच्या तोंडावर बसतील असे मास्क त्यांनी वापरले होते. तीव्र स्लीप ॲप्नियावर त्या काळी खात्रीचा उपाय एकच होता. गळ्याला भोक पाडून श्वासनलिकेत नळी बसवायची. १९८० मध्ये ही शस्त्रक्रिया नको म्हणणाऱ्या एका रुग्णाने सुलिव्हन यांच्या प्रयोगाला होकार दिला. नाकातून किंचित दाबाने हवा सोडत राहिले की घसा आतून उघडा राहतो, ही सीपॅपची कल्पना त्या रात्री खरी ठरली. एप्रिल १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला. त्यांना लागलेला दाब होता ४.५ ते १० सेंटिमीटर पाण्याइतका.

ते सुरुवातीचे मास्क आजच्यासारखे पट्ट्यांनी बांधायचे नव्हते. रुग्णाच्या चेहऱ्याचा साचा घेऊन ते एकेकासाठी बनवले जात आणि रोज रात्री वैद्यकीय सिलिकोनने चेहऱ्यावर चक्क चिकटवले जात. सकाळी ते सोलून काढायचे, चेहरा घासून स्वच्छ करायचा आणि रात्री पुन्हा लावायचे. माणसांनी तेही केले, कारण अनेक वर्षांनी त्यांना पहिल्यांदा झोप लागली होती. पुढे मऊ सिलिकोनची कुशन आली, पट्टे आले, दुकानातून घेता येणारे मास्क आले. चिकटवण्याची जागा बांधण्याने घेतली आणि खुणेचे रूप बदलले.

बांधायचे ते किती घट्ट? याचे गणित घरच्या घरी करता येते. सीपॅपचा दाब पाण्याच्या उंचीत मोजतात. दाब १० सेंटिमीटर आहे आणि नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कखाली चेहऱ्याचा ६० चौरस सेंटिमीटर भाग येतो असे धरू. साठ गुणिले दहा म्हणजे ६०० घन सेंटिमीटर पाणी, वजन ६०० ग्रॅम. एवढ्या जोराने हवा मास्कला चेहऱ्यापासून दूर ढकलत असते आणि पट्ट्यांना निदान तेवढ्या जोराने तो धरून ठेवावा लागतो. हाच दाब नाकपुड्यांच्या तोंडाशी बसणाऱ्या लहान बोंडांतून दिला आणि त्यांचे क्षेत्र ५ चौरस सेंटिमीटर धरले, तर हिशेब येतो फक्त ५० ग्रॅम. गालावर वळ का उठतो आणि लहान मास्कने तो का फिका होतो, हे या एका गुणाकारात दिसते.

मोठ्या मास्कचा ६०० ग्रॅमचा भार कुशनच्या कडेवर पसरतो. कडा २५ सेंटिमीटर लांब आणि एक सेंटिमीटर रुंद मानली, तर त्वचेवर येणारा दाब साधारण २४ सेंटिमीटर पाण्याइतका होतो. त्वचेतल्या केशवाहिन्यांत, जिथे रक्त शिरते त्या टोकाला, दाब सुमारे ३२ मिलिमीटर पारा असतो. यूजीन लँडिस या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने १९३० मध्ये नखाच्या कडेच्या वाहिन्यांत तो मोजला होता. पाण्याच्या भाषेत तो सुमारे ४३ सेंटिमीटर भरतो. ही मर्यादा प्रत्येक चेहऱ्याला काटेकोर लागू पडत नाही, पण अंदाज येतो. नीट बसलेला मास्क रक्तपुरवठा तोडत नाही. पट्टे दुप्पट आवळले, आणि तेही नाकाच्या दांड्यावर जिथे पातळ कातडीखाली लगेच हाड आहे, तर तो तुटू शकतो.

सकाळी दिसणारी साधी रेघ मात्र वेगळ्या कारणाने उमटते. त्वचेच्या खालच्या थरात कोलॅजनचे तंतू आणि त्यांच्यामध्ये पाणी धरून ठेवणारा जेलसारखा पदार्थ असतो. सहा-सात तास एकाच जागी भार राहिला की तिथले पाणी बाजूला सरकते, तंतू दबतात आणि तिथे चर पडतो. भार उठला की पाणी हळूहळू परत येते. उशीच्या अभ्र्याची घडी गालावर उमटते किंवा चष्मा काढल्यावर नाकावर दोन खड्डे दिसतात, तोच हा प्रकार. विशीत तो दहा-पंधरा मिनिटांत मिटतो. साठीत तास-दोन तास लागतात, कारण वयाबरोबर कोलॅजन घटते आणि त्वचेची उसळी कमी होते. त्यात रात्री आडवे पडल्याने चेहऱ्यावर थोडी सूज असतेच, म्हणून रेघ अधिक खोल दिसते.

तेव्हा पहिले काम घड्याळ पाहण्याचे. मास्क काढल्यावर तास-दोन तासांत खूण गेली तर त्वचा शाबूत आहे. दुपारपर्यंत लाली टिकली, हात लावला की हुळहुळले, कातडी सोलवटली किंवा फोड आला, तर ती दाबामुळे झालेली जखम आहे. पुस्तकांत यासाठी बोटाची परीक्षा सांगितलेली असते. लाल जागेवर बोट दाबावे, उचलल्यावर ती क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर रक्त वाहते आहे, लालच राहिली तर धोक्याची पहिली पायरी. अडचण अशी की गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर हे पांढरे पडणे नीट दिसतच नाही. आपल्याकडच्या बहुतेक चेहऱ्यांसाठी डोळ्यापेक्षा बोटावर विसंबणे शहाणपणाचे. ती जागा आजूबाजूच्या त्वचेपेक्षा गरम किंवा गार लागते का, टणक किंवा लिबलिबीत लागते का, दुखते का, रंग जांभळट झाला आहे का, हे पाहावे.

सावळ्या त्वचेचा दुसरा स्वभावही लक्षात ठेवायला हवा. तिला छोटीशी जळजळ झाली तरी ती रंगद्रव्य जास्त तयार करते. गोऱ्या माणसाच्या नाकावरची लाली आठवड्यात जाते, तिथे आपल्याकडे काळपट डाग मागे राहतो आणि तो जायला महिने लागतात. रोज रात्री त्याच जागी पुन्हा घर्षण झाले तर तो जातच नाही. उन्हात तो अधिक गडद होतो, म्हणून दिवसा सनस्क्रीन लावण्याचा उपयोग होतो.

याच टप्प्यावर एक मोठी चूक घडते. डाग घालवायचा म्हणून औषधाच्या दुकानातून कोणाच्या तरी सांगण्यावरून ट्यूब आणली जाते. भारतात अशा अनेक मलमांत स्टिरॉइड असते आणि चेहऱ्यावर त्याच्या गैरवापराने होणाऱ्या नुकसानीविरुद्ध भारतीय त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षे बोलत आहेत. पहिल्या आठवड्यात रंग उजळल्यासारखा वाटतो. पुढे त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुटकुळ्या येतात. पातळ झालेल्या त्वचेवर तोच मास्क पुन्हा बसतो आणि आता ती साध्या दाबालाही टिकत नाही. लिंबू चोळणे हाही असाच घातक घरगुती उपाय. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय या डागांवर काहीही लावू नये, इतके स्पष्ट सांगायला हवे.

खरा उपाय पट्ट्यांमध्ये आहे. बहुतेक जण मास्क लावतात तो पलंगावर बसून, मशीन बंद असताना. आडवे झाल्यावर गाल मागे सरकतात, मास्क बसण्याची जागा बदलते आणि हवा फुसफुसू लागते. अर्धवट झोपेत माणूस हात वर नेतो आणि पट्टा आवळतो. दुसऱ्या रात्री आणखी थोडा. महिन्याभरात मास्क मूळ गरजेच्या कितीतरी पुढे घट्ट झालेला असतो, आणि तरीही गळत असतो. कारण आजच्या कुशनला आतल्या बाजूने एक पातळ पापुद्रा असतो. हवेने तो फुगून त्वचेला चिकटतो आणि फट बुजवतो. फार आवळले की तो चेपतो, त्याला सुरकुत्या पडतात आणि तिथूनच हवा निसटते. गळतीवर आवळणे हा उपाय वाटतो, पण बऱ्याचदा गळतीचे कारणच ते असते.

म्हणून क्रम उलटा करावा. पट्टे सैल सोडून ज्या कुशीवर झोपता त्याच कुशीवर आडवे व्हावे, मशीन नेहमीच्या दाबावर चालू करावे, मास्क किंचित पुढे ओढून सोडावा, म्हणजे पापुद्रा फुगून जागेवर बसतो. मग आधी खालचे आणि नंतर वरचे पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे, गळती थांबेल एवढेच ओढावेत. पट्ट्याखाली बोट सहज सरकायला हवे. थोडी गळती मशीन स्वतः भरून काढते. डोळ्यांत वारा जात नसेल आणि मशीन गळतीचा इशारा देत नसेल, तर तेवढी सोडून द्यावी.

हे करूनही वळ खोल उठत असेल तर मास्कचे माप किंवा प्रकार चुकला आहे. भारतात अनेकांना नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क दिला जातो असे दिसते, कारण तोंड उघडे राहिले तरी तो चालतो. पण अशा मास्कला दाब जास्त लागतो, गळती जास्त होते आणि लोक तो कमी वेळ वापरतात, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. अमेरिकेतल्या निद्राविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत नाकाच्या मास्कला पसंती दिली. नाक चोंदत असेल तर आधी नाकावर उपचार करून घेणे आणि मग लहान मास्ककडे जाणे, हा रस्ता थोडा लांबचा असला तरी चेहऱ्यासाठी चांगला. काहींना दोन वेगळ्या प्रकारचे मास्क आलटूनपालटून लावल्याने फायदा होतो, कारण मग एकाच जागेवर रोज भार पडत नाही. नवा मास्क निवडताना एक खबरदारी घ्यावी. काही मास्कच्या चापांत चुंबक असतात. पेसमेकर बसवलेल्यांना किंवा मेंदूतल्या रक्तवाहिनीवर धातूची क्लिप असलेल्यांना ते धोक्याचे ठरू शकतात, अशी सूचना २०२२ मध्ये अमेरिकेत जारी झाली. ती शेजारी झोपणाऱ्या माणसालाही लागू आहे.

कुशनचे आयुष्य हा आपल्याकडे दुर्लक्षित भाग. चेहऱ्याच्या तेलाने सिलिकोन हळूहळू खराब आणि निसरडे होते, मग ते बसत नाही, मग पट्टे आवळले जातात. अमेरिकेतली मेडिकेअर योजना नाकाच्या मास्कचे कुशन महिन्याला दोन, मोठ्या मास्कचे एक, आणि पट्टे सहा महिन्यांनी एकदा बदलून देते. भारतात हा खर्च खिशातून होतो, त्यामुळे एकच कुशन वर्ष वर्ष चालवले जाते. इतक्या वेळा बदलणे परवडत नसेल तर निदान रोज सकाळी सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने ते धुवावे, सावलीत वाळवावे आणि झोपण्यापूर्वी चेहराही धुवावा. रात्री खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन चोळून मास्क लावू नये. कुशन घसरते आणि पदार्थही खराब होतो. डोक्याला तेल लावून झोपणाऱ्यांच्या पट्ट्यांचा ताण लवकर मरतो, आणि सैल झालेला पट्टा पुन्हा आवळलाच जातो.

पट्ट्यांखाली कापडी आवरण घालण्याची युक्ती सोपी आणि परिणामकारक आहे. विकत मिळते, पण धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीची पट्टी शिवून केलेले आवरणही तेच काम करते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ते घामही टिपते. कुशनखाली कापड घालायचे तर ते एकाच पदराचे आणि बिनशिवणीचे हवे. नाकाच्या दांड्यावर जखमांसाठी वापरतात ती पातळ हायड्रोकोलॉइड पट्टी लावता येते. करोनाच्या साथीत २०२० मध्ये तासन्‌तास घट्ट मास्क घालून राबणाऱ्या परिचारिकांचे वळ उठलेले चेहरे जगाने पाहिले, तेव्हा अनेक रुग्णालयांत हीच पट्टी त्यांच्या कामी आली. अतिदक्षता विभागात मास्कने श्वास दिला जाणाऱ्या रुग्णांच्या नाकावर ती लावण्याची पद्धत त्याआधीपासून आहे.

काही खुणा दाबाच्या नसतातच. जिथे जिथे पट्टा टेकतो तिथे खाज, खरखर, बारीक पुरळ असेल, तर ती ॲलर्जी असू शकते. शुद्ध सिलिकोन सहसा त्रास देत नाही, पण पट्ट्यांतल्या निओप्रिन या कृत्रिम रबरात आणि त्याच्या चिकटद्रव्यांत असलेली रसायने देतात. त्यांतले एक, पॅरा-टर्शरी ब्युटिल फिनॉल, मराठी घरांना वेगळ्या वाटेने ओळखीचे आहे. चिकटणाऱ्या टिकलीने कपाळावर पडणाऱ्या पांढऱ्या डागामागे तेच असते. काही मास्कचा कपाळावरचा आधार नेमका टिकलीच्या जागी येतो, म्हणून रात्री टिकली काढून, कपाळ धुऊन मास्क लावणे उत्तम. चमकी किंवा मोरणीही काढावी. तिच्यामुळे कुशनला फट राहते आणि कडा टोचते.

मुलांच्या बाबतीत अधिक जपावे लागते. वाढत्या वयात वर्षानुवर्षे मास्क बांधला गेला तर चेहऱ्याच्या मधल्या हाडांची वाढ मागे पडू शकते, म्हणून त्यांचा मास्क आणि जबडा ठरावीक काळाने तपासून घ्यावा लागतो. मोठ्यांतही अगदी सूक्ष्म बदल होतात. जपानमध्ये ४६ रुग्णांची सीपॅप सुरू करण्यापूर्वीची आणि दोन वर्षांच्या वापरानंतरची क्ष-किरण मापे ताडून पाहिली, तेव्हा वरच्या जबड्याचा पुढारलेपणा किंचित कमी झालेला आणि पुढचे दात थोडे आत वळलेले आढळले. २०१० मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णांना स्वतःला हा फरक जाणवला नव्हता. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, पण दातांच्या डॉक्टरांना आपण सीपॅप वापरतो हे सांगून ठेवावे.

जखम झालीच असेल, कातडी फाटली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा आणि बरी होईपर्यंत दुसऱ्या प्रकारचा मास्क मागावा. नाकपुड्यांच्या बोंडांमुळे नाकाच्या दांड्यावरच्या जखमेला आठवडाभर विश्रांती मिळू शकते, उपचार मात्र चालू राहतो.

पुढच्या तपासणीला जाताना वापराची नोंद असलेले मशीनचे कार्ड तर न्याच, पण मास्क, पट्टे आणि जुने कुशनही पिशवीत घाला. सकाळी मास्क काढल्याबरोबर एक, आणि दोन तासांनी एक, असे चेहऱ्याचे दोन फोटो फोनमध्ये ठेवा. तिथेच आडवे होऊन, मशीन चालू ठेवून मास्क बसवून दाखवायला सांगा. या कामाला वीस मिनिटे लागतात, आणि ती मागण्यात संकोच करू नका.